रात्रीच्या राखणीस कोणता थर्मल कॅमेरा घ्यावा?

विज्ञानाने निर्माण केलेली नवी साधने बहुधा प्रथम सैन्यात जातात, मागाहून हौशी श्रीमंतांच्या घरी येतात आणि सर्वांत शेवटी, ज्यास त्यांची खरी गरज असते त्या शेतकऱ्याच्या हाती पडतात. अंधारात प्राण्याच्या अंगची ऊब पाहून त्याचे चित्र दाखविणारा थर्मल कॅमेरा आज या तिसऱ्या पायरीवर येऊन ठेपला आहे. त्याची किंमत उतरू लागली आहे, जाहिराती वाढल्या आहेत, आणि आमच्या नार्नूर भागातील पालकही शाळेत येऊन विचारू लागले आहेत की, असे यंत्र घ्यावे काय व घ्यावयाचे तर कोणते? या प्रश्नाचे उत्तर केवळ दुकानदारावर सोपवून चालणार नाही, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न आमच्याकडे हौसेचा नाही. उत्तरेस यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. दक्षिणेकडे २०१२ साली घोषित झालेला कव्वाल व्याघ्र प्रकल्प आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आपली शेते आणि गुडे वसलेले आहेत. वाघास जिल्ह्याची किंवा राज्याची सीमा ठाऊक नसते. २०१९ च्या फेब्रुवारीत टिपेश्वर येथे गळ्यात रेडिओपट्टा घातलेला एक तरुण वाघ आदिलाबाद, नांदेड असा भटकत त्याच वर्षाच्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेवढ्यात त्याची तेराशे किलोमीटरांहून अधिक चाल झाली होती. २०२४ च्या ऑक्टोबरात 'जॉनी' या नावाने ओळखला गेलेला दुसरा वाघ जोडीदारिणीच्या शोधात किनवट तालुक्यातून निघून आदिलाबाद व निर्मल जिल्ह्यांत शिरला. असा पाहुणा कोणत्या रात्री कोणाच्या तुरीत येऊन बसेल, हे कोण सांगणार? आणि वाघ क्वचित येतो. रानडुक्कर, रोही आणि अस्वल यांचे येणे तर नित्याचेच आहे.

ज्वारी निसवली की घरचा कर्ता माणूस मचाणावर जागलीला जातो. हातात बॅटरी, जवळ शेकोटी आणि गोफण, एवढाच त्याचा संरंजाम. पिकात काहीतरी खसखसले की तो खाली उतरतो. समोर डुक्कर आहे की अस्वल, शेजाऱ्याचा बैल आहे की शेजारीच, हे त्यास जवळ गेल्याखेरीज कळत नाही. या अज्ञानापोटी माणसे जखमी होतात. याच भीतीपोटी काही लोक कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडतात. ती तार डुक्कर, वाघ, गाय आणि माणूस असा भेद करीत नाही. आम्ही मूळचे कोकणीभाषक, म्हणून आमच्या मुलखाकडचे एक उदाहरण सांगावेसे वाटते. जानेवारी २०२० मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात, गोळावली येथे चार वाघ विषप्रयोगाने मेलेले आढळले. गुरे मारली गेल्याच्या रागातून असे घडते. वाघ गेला आणि मारलेले गुरूही परत आले नाही. अंधारात समोर कोण आहे हे वेळीच समजले, तर अशा कृत्यांचे निदान एक कारण तरी दूर होईल. म्हणून थर्मल कॅमेऱ्याचा आम्ही पुरस्कार करतो, परंतु डोळसपणे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. १८०० साली विल्यम हर्शेल याने सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग पाडले आणि तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही तेथे, उष्णतामापक ठेवला. पारा वर चढला. ते अवरक्त किरण होत. प्रत्येक उबदार शरीर असे किरण बाहेर टाकते. थर्मल कॅमेऱ्यातील बारीक बिंदूंची, म्हणजे पिक्सेलांची, जाळी हे किरण टिपून पडद्यावर चित्र उमटविते. त्यास चांदणे लागत नाही की दिवा लागत नाही. साधी काच हे किरण अडविते, म्हणून त्याचे भिंग जर्मेनियम या महाग धातुसदृश पदार्थाचे करतात. यंत्राच्या किमतीतील मोठा वाटा या भिंगाचाच असतो. जीपच्या किंवा खिडकीच्या काचेतून पाहिल्यास हे यंत्र आंधळे होते, ते याच कारणाने.

आता जाहिरातीतील आकड्यांकडे वळू. 'एक हजार मीटरपर्यंत दिसते' असे वेष्टनावर छापलेले असते. ते खोटे नसते; पण 'दिसणे' आणि 'ओळखणे' यांत फार अंतर आहे. जॉन जॉन्सन या अमेरिकन संशोधकाने १९५८ मध्ये याविषयीचे गणित मांडले. त्याचे सार असे की, काहीतरी आहे एवढे कळावयास वस्तूच्या उंचीवर सुमारे २ बिंदू पुरतात. ते कोणत्या जातीचे आहे हे कळावयास सुमारे ८ लागतात. आणि खात्रीने ओळख पटावयास त्याहूनही अधिक, सुमारे १३ लागतात. विद्यार्थ्यांनी पुढील हिशेब वहीत करून पाहावा. आजच्या बहुतेक यंत्रांत एका बिंदूची रुंदी १२ मायक्रोमीटर असते. तीस भिंगाच्या नाभीय अंतराने भागले आणि प्राण्याच्या अंतराने गुणले की एक बिंदू प्राण्याचा किती भाग व्यापतो ते निघते. भिंग १५ मिलिमीटरचे असेल, तर १०० मीटरवर एक बिंदू ८ सेंटिमीटर व्यापतो. पाऊण मीटर उंचीच्या रानडुकरावर तेथे ९ बिंदू पडतात. म्हणजे डुक्कर आहे हे कळते. तेच भिंग ४०० मीटरवर त्या डुकराचे दोन ठिपके दाखवील. त्यावरून तो प्राणी आहे की ऊब धरलेला धोंडा, हेसुद्धा नक्की सांगता येणार नाही.

या एका हिशेबाने खरेदीचा निम्मा प्रश्न सुटतो. मोबाइलला जोडावयाची लहान यंत्रे सर्वांत स्वस्त, काही हजारांत मिळणारी. परंतु ती विजेच्या जोडण्या किंवा गळके नळ तपासण्यासाठी बनविलेली असून त्यांचे भिंग बहुधा तीन-चार मिलिमीटरचेच असते. त्यांत रानडुक्कर ओळखू यावयाचे तर ते पंचवीस-तीस मीटरवर यावे लागेल. आणि तेवढ्या जवळ ते आले तर यंत्रापेक्षा पाय अधिक उपयोगी पडतील! दुसऱ्या टोकास मोठ्या भिंगाच्या, ६४० गुणिले ५१२ बिंदूंच्या दुर्बिणी आहेत. त्यांची किंमत लाखांत जाते. आपणांस यांपैकी काहीच नको. पाच एकरांचे चौकोनी शेत एका बाजूस सुमारे १४२ मीटर भरते. मधोमध मचाण असले तर कोपरा १०० मीटरवर येतो. तेव्हा १५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग आणि २५६ गुणिले १९२ बिंदूंची जाळी असलेली, एका डोळ्याने पाहावयाची हातदुर्बीण आपल्या कामास पुरते. पैसे थोडे अधिक असतील तर ३८४ गुणिले २८८ ची जाळी घ्यावी. तिच्यामुळे एका दृष्टिक्षेपात येणारा शेताचा पट्टा रुंद होतो. भिंग मात्र उगाच वाढवू नये; भिंग मोठे केले की दूरचे नीट दिसते, पण पाहण्याची खिडकी अरुंद होते आणि बाजूने येणारे जनावर नजरेतून निसटते.

आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. तापमानातील किती सूक्ष्म फरक यंत्र ओळखते? हा आकडा मिलिकेल्विनमध्ये देतात; तो जितका लहान तितके बरे, आणि ४० च्या वर नसावा. चित्र एका सेकंदास किती वेळा बदलते? ९ वेळांचे यंत्र स्वस्त असते, पण पळते जनावर त्यात अडखळत दिसते. २५ किंवा अधिक असावे. बॅटरी बाजारात मिळणारी आणि बदलता येणारी आहे काय? आमच्या भागात दुरुस्तीस यंत्र दूरच्या शहरी पाठवावे लागते, हे ध्यानात ठेवून हमीपत्र व पक्की पावती यांचा आग्रह धरावा.

यंत्राच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. आदिलाबादच्या कडाक्याच्या थंडीत जनावर दिव्यासारखे उजळून दिसते. परंतु वैशाखात सूर्यास्तानंतर खडक आणि जमीन इतकी तापलेली असते की, प्राणी तीत मिसळून जातो. पाऊस आणि दाट धुके चित्र फिके करतात. झाडोऱ्याआडचे तर या यंत्रास दिसतच नाही. २०१८ मध्ये पांढरकवडा भागात 'अवनी' या वाघिणीच्या शोधासाठी थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन आणले गेले, हत्ती आणले गेले. तरी शोध कित्येक आठवडे लांबला आणि अखेर २ नोव्हेंबरला ती गोळीने मेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. यंत्र हाती आले म्हणजे जंगल उघडे पडले, असे कोणी समजू नये. शिवाय साप हा थंड रक्ताचा प्राणी. त्याचे अंग भुईइतकेच गार वा गरम असते आणि तो या कॅमेऱ्यात बहुधा दिसत नाही. यंत्र डोळ्याला लावून अनवाणी चालणारा जागल्या वाघापासून वाचेल आणि सापावर पाय देईल. पायांत बूट आणि हातात साधी बॅटरी ही हवीच.

काही जण म्हणतील, एवढ्या पैशांत दोन वर्षांचे बियाणे येईल. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच एकट्या कुटुंबाने कर्ज काढून हे यंत्र घेऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी वर्गणी काढून एक घ्यावे, पाळीने वापरावे आणि वापराची नोंदवही ठेवावी. ज्यांना केवळ रात्री कोण येऊन जाते एवढेच पाहावयाचे आहे, त्यांनी बांधावर स्वयंचलित कॅमेरा बांधावा. तो बराच स्वस्त पडतो. बंदुकीवर बसविण्याची थर्मल दुर्बीण मात्र गावात येऊच देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे आणि अंधारातील पांढरा आकार पाहून झाडलेली गोळी कोणाच्या घरात सुतक आणील याचा नेम नाही. वाघ दिसला तर त्याच्या मागे जाऊ नये. मोबाइलवरून जागा जाहीर करून गर्दी जमवू नये. मचाण सोडू नये आणि वनखात्यास कळवावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांचे वडील, काका, थोरले बंधू याच हंगामात रात्री शेतावर असतात. त्यांना जाहिरात वाचता येते. परंतु जाहिरातीतील आकड्याचा अर्थ लावून देणे हे तुमचे काम आहे. भूमितीतील समरूप त्रिकोण तुम्ही केवळ परीक्षेसाठी शिकला नाहीत. दुकानात यंत्र हाती घेण्यापूर्वी शेताची लांबी मोजा, भिंगाचा आकडा विचारा आणि भागाकार करा. जे यंत्र हजार मीटरवर ठिपका दाखविते त्यापेक्षा जे शंभर मीटरवर माणूस आणि जनावर यांतील भेद दाखविते, तेच आपल्या उपयोगाचे, आणि तेच खरे स्वस्त होय.