कळा आणाव्यात की वाट पाहावी?

घोडबंदर रोडवर अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, मिनिटांत सांगतात. आणि ती मिनिटे रोज बदलतात. मेट्रोचे काम, अवजड वाहनांची रांग, गायमुख घाटातली दुरुस्ती, यांतले कोणत्या दिवशी काय आडवे येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे वाघबीळ, कासारवडवली, ओवळा या पट्ट्यात ज्या घरात नववा महिना लागलेला असतो, तिथे एक प्रश्न हमखास निघतो. कळा अपरात्री सुरू होऊन कोंडीत अडकण्यापेक्षा दिवस ठरवून दाखल झालेले काय वाईट? त्यात फाइलवरची तारीख उलटली की सासर-माहेरचे फोन वाढतात. पितृपक्ष जवळ आला असेल तर ‘त्याच्या आत होईल का’ अशी विचारणाही डॉक्टरांकडे होते. मग कुणीतरी म्हणते, ‘कळा आणायचे इंजेक्शन देतात ना, दोन-चार तासांत मोकळी होते.’

यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे, दुसरे बहुतेक वेळा नाही. कृत्रिमरीत्या कळा आणणे हा आधुनिक प्रसूतिशास्त्रातला मोलाचा उपाय आहे. योग्य कारणासाठी केला तर तो आई आणि बाळ दोघांचे प्राण वाचवतो. पण तो झटपट सुटकेचा मार्ग नव्हे आणि आपोआप आलेल्या कळांची हुबेहूब नक्कलही नव्हे. दाखल होताना हा फरक माहीत नसेल, तर दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर थांबलेल्या घरच्यांचा धीर सुटतो आणि त्या घाईचा भार शेवटी बाळंतिणीवरच पडतो.

आधी ‘तारीख’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा नियमही जवळजवळ तोच आहे : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे सुमारे २८० दिवस. पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंतच्या पट्ट्यातला तो एक दिवस असतो, शेवटची मुदत नव्हे. पाळी अनियमित असेल तर हिशेब आणखी चुकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जपून ठेवावी. तारीख ठरवण्यासाठी तीच सर्वांत भरवशाची. हिशेबच दोन आठवड्यांनी चुकलेला असेल, तर ‘तारीख उलटली’ म्हणून कळा आणल्या जातात आणि बाळ मात्र अपुऱ्या तयारीचे निघते. विशेष कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत जन्माला घातलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचे आणि काचेच्या पेटीत ठेवावे लागण्याचे प्रमाण अधिक असते.

कळा आपोआप येतात तेव्हा खरी तयारी कित्येक दिवस आधी सुरू झालेली असते. पिशवीचे तोंड मऊ पडते, आखूड होते, हळूहळू उघडू लागते. सुरुवातीच्या कळा येतात आणि विरतात. हा टप्पा काही तासांचा असू शकतो, पहिलटकरणीत कधी दिवसभराचाही. पण तो बहुतेक घरीच जातो. ती पेज खाते, चालते, जमेल तशी झोपते. कळा नियमित झाल्या, त्यांच्यातले अंतर कमी झाले की ती दवाखान्यात पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पिशवीचे तोंड पाच सेंटिमीटर उघडले की खऱ्या वेगाचा टप्पा धरावा. तो पहिल्या बाळंतपणात बारा तासांपर्यंत आणि पुढच्या बाळंतपणांत दहा तासांपर्यंत चालू शकतो. तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना दंडक सगळ्यांना लावू नये, असेही संघटनेने स्पष्ट केले आहे.

कळा आणायच्या असतील तर सुरुवात वेगळी होते. डॉक्टर आतून तपासून पिशवीचे तोंड किती मऊ, किती आखूड, किती उघडे आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले आहे ते पाहतात. या निरीक्षणांना गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये मांडली. ‘बिशप स्कोअर’ चांगला असेल तर काम सोपे. कमी असेल तर आधी तोंड मऊ करावे लागते. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे जेल ठेवतात, मिसोप्रोस्टॉलच्या अगदी कमी मात्रेच्या गोळ्या देतात किंवा फोलीची नळी घालून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात. नंतर गरजेप्रमाणे पाणमोट फोडतात आणि सलाइनमधून ऑक्सिटोसिन सुरू करतात. ऑक्सिटोसिन हे शरीरातच तयार होणारे संप्रेरक. ते प्रयोगशाळेत बनवणारे व्हिन्सेंट द्यु विग्नो यांना १९५५ चे नोबेल मिळाले.

म्हणजे आपोआपच्या प्रसूतीत शरीर जी तयारी घरी, आपल्या गतीने करते, ती इथे दवाखान्याच्या खाटेवर, घड्याळ लावून करावी लागते. मुख्य फरक हाच. पहिले बाळंतपण आणि पिशवीचे तोंड बंद, अशी स्थिती असेल तर दाखल झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत २४ ते ३६ तास लागणे अजिबात नवल नाही. वेगाचा टप्पा एकदा सुरू झाला की मात्र पुढची वाटचाल बरीचशी सारखी असते.

दुसरा फरक वेदनेचा. आपोआप येणाऱ्या कळा चढत चढत वाढतात आणि शरीराला सरावायला वेळ मिळतो. ऑक्सिटोसिनवर त्या लवकर जोर धरतात. पुष्कळ बायकांना त्या अधिक तीव्र वाटतात आणि वेदनाशमनाची, पाठीतल्या एपिड्युरलची गरजही अधिक भासते. तिसरा फरक देखरेखीचा. औषधामुळे कळा प्रमाणाबाहेर येऊ शकतात. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या, तर दोन कळांमध्ये बाळाला मिळणारी उसंत कमी होते. म्हणून बाळाचे ठोके वारंवार किंवा सतत पाहावे लागतात, पोटाला पट्टा बांधला जातो आणि हिंडण्या-फिरण्यावर मर्यादा येते. याच कारणाने घरी किंवा ठोके पाहण्याची सोय नसलेल्या जागी ‘कळांचे इंजेक्शन’ घेणे हा जिवाशी खेळ आहे. आधीचे सिझेरियन असेल तर टाका उसवण्याचा धोका असतो. अशा वेळी मिसोप्रोस्टॉल टाळतात. आणि एरंडेल पाजून पाहण्याचा घरगुती प्रयोग बहुधा जुलाब आणि थकवाच देतो.

मग हा खटाटोप का करायचा? कारण काही वेळा वाट पाहणे जास्त धोक्याचे असते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कळांशिवाय पाणी जाणे, बाळाची खुंटलेली वाढ, ४१ आठवडे उलटणे ही त्याची प्रमुख कारणे. रक्तदाबाच्या बाबतीत तर महत्त्वाचा पुरावा आपल्याच राज्यातून जगाला मिळाला. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय इथे रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिले, निम्म्यांना फोलीचा फुगा लावला. २४ तासांच्या आत नैसर्गिक मार्गाने प्रसूती झाली ती गोळी घेतलेल्यांपैकी ५७ टक्के आणि फुगा लावलेल्यांपैकी ४७ टक्के स्त्रियांची. महागडी यंत्रणा नसलेल्या सरकारी रुग्णालयांतही स्वस्त गोळीने हे साधते, हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ घरच्यांसाठी आहे : सरस ठरलेल्या पद्धतीतही शंभरातल्या ४३ जणींची प्रसूती दिवसभरात नैसर्गिक मार्गाने झाली नव्हती. ‘दोन-चार तासांत मोकळी’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नको.

तारीख उलटण्याबद्दल स्वीडनच्या अभ्यासाने डोळे उघडले. सुमारे २,७६० स्त्रियांपैकी निम्म्यांच्या कळा ४१ आठवड्यांना आणल्या, बाकीच्यांसाठी ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्यात एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हा धोका एकूणात लहान आहे, पण कुणालाही नको असलेला आहे. म्हणून ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर डॉक्टर कळा आणण्याचा सल्ला देतात, तेव्हा ‘निसर्गावर सोडू’ हा हट्ट शहाणपणाचा नाही.

‘कळा आणल्या की सिझेरियन ठरलेलेच’ ही भीतीही तपासून घ्यावी. अमेरिकेत ६,१०६ पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अराइव्ह’ अभ्यासात ३९ आठवड्यांना कळा आणलेल्या गटात सिझेरियन १८.६ टक्के आणि वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के झाले. म्हणजे कळा आणल्याने सिझेरियन वाढले नाही, थोडे घटलेच. पण त्या आकड्यांमागे एक अट आहे. तिथे सुरुवातीच्या संथ टप्प्याला पुरेसा वेळ दिला गेला. आई आणि बाळ ठीक असतील तर पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर किमान १२ ते १८ तास थांबल्याशिवाय प्रयत्न ‘फेल’ ठरवू नये, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. सकाळी जेल ठेवून संध्याकाळी ‘काही प्रगती नाही’ म्हणत शस्त्रक्रियेची तयारी होत असेल, तर अपयश पिशवीचे नसून संयमाचे असते.

आपल्याकडे हा संयम आहे का, हा खरा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण २०.१ होते. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आहे. घोडबंदर पट्ट्यात खासगी प्रसूतिगृहांची वानवा नाही आणि ‘नॉर्मल’ व ‘सिझर’ अशी वेगवेगळी पॅकेजेसही पाठ झालेली असतात. डॉक्टरांवर सरसकट संशय घेणे अन्यायाचे होईल. दर दोन तासांनी ‘अजून किती वेळ?’ विचारणारे, काही बरेवाईट झाले तर अंगावर धावून जाणारे नातेवाईकही या आकड्यांत आहेत. मुहूर्त साधणारेही आहेत. अयोध्येतल्या सोहळ्याच्या दिवशी, २२ जानेवारी २०२४ ला प्रसूती व्हावी म्हणून डॉक्टरांकडे मागण्या आल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. पंचांग पाहून बारशाचा दिवस ठरवावा. जन्माचा दिवस ठरवताना बाळाचे आठवडे मोजावेत.

आणि वाहतूक कोंडी? ती कळा आणण्याचे वैद्यकीय कारण नाही. पण घरच्यांची काळजी खोटीही नाही. ठाण्याच्या सिव्हिलला किंवा खाडीपलीकडे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पोहोचायचे तर कापूरबावडी-माजिवड्याची गर्दी चुकत नाही. पहिलटकरणीला नियमित कळांपासून प्रसूतीपर्यंत सहसा बरेच तास हाती असतात. दुसऱ्या वेळी वेग जास्त असतो, तेव्हा लवकर निघावे. शेवटच्या आठवड्यात रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहण्याची सोय होत असेल तर ती करावी आणि १०८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. पाणी गेले, रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, डोके जोरात दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट न पाहता निघावे. पालिका आणि वाहतूक पोलिसांनीही गर्दीच्या नाक्यांवर रुग्णवाहिकेला वाट मिळेल याची सोय केली पाहिजे. रस्त्याचे दुखणे बायकांच्या पोटावर उतरवून चालणार नाही.

कळा आणण्याचा सल्ला मिळाला की चार प्रश्न शांतपणे विचारावेत. कारण काय? थांबलो तर काय धोका? पिशवीचे तोंड किती तयार आहे? आणि कळा आल्या नाहीत तर किती वेळ थांबून पुढचा निर्णय घेणार? ‘नाळ गळ्याभोवती आहे’ एवढे एकच कारण सांगितले गेले, तर आणखी विचारावे. पुष्कळ बाळे तशीच सुखरूप जन्मतात. या चारही प्रश्नांची उत्तरे केस पेपरवर लिहिणे प्रत्येक रुग्णालयाला, सरकारी असो वा खासगी, बंधनकारक असायला हवे. केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमाने सरकारी प्रसूतिकक्षांत सन्मानाची वागणूक आणि सोबतीला विश्वासातली बाई असण्याचा आग्रह धरला आहे. दीड-दोन दिवस खाटेवर कळांची वाट पाहणाऱ्या स्त्रीला अशा सोबतीची गरज सर्वांत जास्त असते. खासगी प्रसूतिगृहांनीही ती दारे उघडावीत आणि आपल्याकडे कळा किती जणींना आणल्या, त्यांतल्या किती जणींचे सिझेरियन झाले, हे आकडे जाहीर करावेत.

कळा आपोआप आल्या म्हणून ती आई श्रेष्ठ ठरत नाही आणि आणाव्या लागल्या म्हणून कुणी कमी ठरत नाही. कारण खरे असावे, ते तिला समजेल अशा भाषेत सांगितलेले असावे आणि नंतर तिला पुरेसा वेळ मिळावा. एवढे झाले तर तारीख उलटली काय किंवा अलीकडे आली काय, घाबरायचे कारण उरत नाही.