भ्रूणातील पेशींची चढाओढ

कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या दांपत्याच्या हाती कधी कधी असा अहवाल पडतो : ‘भ्रूण मोझेक’. काही पेशींत गुणसूत्रे बरोबर 46, काहींत एखादे कमी वा अधिक. हा भ्रूण स्वीकारावा की नाकारावा, या प्रश्नाने घर सुन्न होते.

निर्णयापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भ्रूण हा पेशींचा निश्चल गोळा नसतो. त्यात निवड अखंड चालू असते. 1975 साली हिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल या स्पॅनिश संशोधकांना फळमाशीत एक नवल आढळले. वाढीत मंद असलेल्या पेशी एकट्या असताना सुखाने जगतात. मात्र सुदृढ पेशींच्या शेजारी त्या नाहीशा होतात आणि त्यांची जागा शेजारी भरून काढतात. हीच पेशीस्पर्धा. (‘स्पर्धा’ या शब्दावरून माणसांच्या समाजाविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र टाळावा.) उंदराच्या गर्भात अवयवांची मांडणी सुरू होण्यापूर्वीच, ज्यांतून शरीर घडायचे त्या पेशींपैकी सुमारे एक तृतीयांश अशा गळून पडतात.

माग्दालेना झेर्निट्स्का-गेट्झ या केंब्रिजमधील संशोधिकेला हा प्रश्न स्वतःच्या गरोदरपणात, वयाच्या 44व्या वर्षी भेटला. वारेच्या तपासणीत सुमारे पाव पेशी सदोष निघाल्या. मूल मात्र निरोगी जन्मले. पुढे तिने सदोष आणि निर्दोष पेशी एकत्र करून उंदरांचे भ्रूण घडवले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत शरीर घडवणाऱ्या भागातील सदोष पेशी मरत गेल्या. वार घडवणाऱ्या भागात मात्र त्या मंदगतीने टिकून राहिल्या. निर्दोष पेशी पुरेशा असतील, तर भ्रूण सावरू शकत होता.

अहवालासाठी काढलेल्या मोजक्या पेशीही भ्रूणाच्या बाह्य थरातील, म्हणजे पुढे वार होणाऱ्या भागातील असतात! 2015 साली इटलीतील डॉक्टरांनी असे मोझेक भ्रूण 18 स्त्रियांच्या गर्भाशयात ठेवले. 6 निरोगी बाळे जन्मली.

या आकड्याने हुरळून जाऊ नये. चढाओढीला निर्दोष शेजारी लागतो. दोष मुळात बीजांडातूनच आला असेल, तर तो प्रत्येक पेशीत उतरतो. मग कोण कोणाला हटवणार? डाऊन सिंड्रोम बहुतेकदा असाच उद्भवतो. पेशींची ही निवड सुधारणारे चूर्ण वा टॉनिक कोणी विकत असेल, तर पैसे वाचवावेत.

डॉक्टरांना आणि जनुकीय समुपदेशकांना विचारावे : कोणते गुणसूत्र, सदोष पेशींचे प्रमाण किती, पूर्ण निर्दोष असा दुसरा भ्रूण उपलब्ध आहे का? मोझेक भ्रूणापासून गर्भ राहिलाच, तर वारेची तपासणी पुन्हा त्याच बाह्य भागाविषयी बोलेल. म्हणून सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलाच्या तपासणीविषयी अवश्य चर्चा करावी.