जाहिराती आटल्या, मग आम्ही काय केलं?



आज थोडं पैशांबद्दल बोलूया. हा विषय आपण घरातही हळू आवाजातच काढतो. पण मोबाईलवर रोज फुकट लेख वाचताना 'यांचं भागतं कसं?' असा प्रश्न तुम्हाला कधीतरी पडला असेलच.

मी बनारसला ब्रह्माघाटाजवळ राहते. या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी बरीच मराठी कुटुंबं आहेत, आमचं त्यातलंच एक. इंग्रजीत बीए झाल्यावर लिहिण्याची कामं घेऊ लागले. त्याच्याच जोडीला दोन मैत्रिणींबरोबर एक छोटी मराठी वेबसाइट सुरू केली. काशीयात्रेची माहिती, सणवार, घरगुती पाककृती असं तिचं स्वरूप. लेखांच्या मध्ये जाहिराती दिसतात आणि त्यांचे पैसे आम्हाला मिळतात. गूगलच्या अ‍ॅडसेन्समध्ये २०१८ साली मराठी आली, तेव्हापासून आमच्यासारख्या छोट्या मराठी साइट्सना ही वाट मोकळी झाली.

आणि मग कमाई घसरायला लागली.

आधी हिशेब, मग रडणं

२०२५ च्या फेब्रुवारीत आकडा पाहिला आणि पोटात गोळाच आला. मैत्रीण म्हणाली, "अगं, दिवाळीत तर तिप्पट होते!" पण दिवाळीची तुलना फेब्रुवारीशी करून चालत नाही. सणांच्या आधी कंपन्या जाहिरातींवर हात सैल सोडतात आणि जानेवारी उजाडला की आखडता घेतात. म्हणून फेब्रुवारीची तुलना आदल्या फेब्रुवारीशीच करायची.

आम्ही तेच केलं. २०२४ च्या फेब्रुवारीत १ लाख ९० हजार वाचनं होती आणि दर हजारामागे ५८ रुपये मिळाले होते. म्हणजे ११ हजार २० रुपये. २०२५ मध्ये वाचनं १ लाख १५ हजार, दर ५४ रुपये, एकूण ६ हजार २१०. दर फारसा पडलेला नव्हता, वाचकच कमी झाले होते.

कारण शोधणं अवघड नव्हतं. आमचे बहुतेक वाचक सर्चमधून यायचे. 'एकादशीला काय खावं' असं विचारत यायचे, वाचायचे, निघून जायचे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल एआयने तयार केलेलं उत्तर सर्वात वर दाखवू लागलं. उत्तर वरच मिळालं तर खाली कोण उतरणार? आपणही तेच करतो की!

दोन चुका

पहिली चूक म्हणजे आम्ही पानावर चार जाहिराती होत्या त्या नऊ केल्या. पंधरा दिवस कमाई वाढली. मग पान उघडायला वेळ लागू लागला आणि वाचक अर्ध्यातून परतायला लागले. साबुदाण्याच्या खिचडीची कृती वाचताना दर चार ओळींनी गाडीची जाहिरात आली तर मीही परतले असते.

दुसरी चूक माझी एकटीची, आणि ती सांगताना अजूनही लाज वाटते. मी मथळा दिला, 'कारल्याचा रस घ्या, साखरेच्या गोळ्या विसरा!' आत लेख तसा साधाच होता. शेवटी 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' हेही लिहिलं होतं. तो लेख धो धो चालला. त्या महिन्यातली जवळजवळ एक तृतीयांश वाचनं त्या एकाच लेखाची होती.

मग नागपूरहून आत्याचा फोन आला. "तुझा लेख वाचला गं, फार छान. बारा दिवस झाले, गोळी बंद केली आहे."

आत्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचलीच नव्हती. मथळा वाचला, भाचीने लिहिलंय म्हणून विश्वास ठेवला. त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. साखर ३१० निघाली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, ती सावरली. पण माझ्या मनात एकच विचार, ज्यांची भाची फोन उचलायला नाही, त्यांचं काय?

लेख काढून टाकला. त्यामागे कमाई आणखी पडली. मैत्रिणींनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, हे त्यांचे उपकार.

पराडकरांचं बनारस

मैदागिनला पराडकर स्मृती भवन आहे. बाबूराव विष्णू पराडकर म्हणजे १८८३ साली काशीत जन्मलेले मराठी माणूस आणि हिंदी पत्रकारितेतलं फार मोठं नाव. शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या 'आज' दैनिकाचे ते संपादक होते. १९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात त्यांनी सांगितलं होतं की, पुढची वर्तमानपत्रं दिसायला देखणी होतील, पैसेवाली होतील, पण संपादकाचं स्वातंत्र्य आणि पत्राचा प्राण हरवेल. कारल्याचा लेख काढल्यानंतर त्या भवनावरून जाताना मला हे आठवलं. आमचा तर साधा मथळा होता, पण तोही पैशानेच लिहून घेतला होता.

म्हणजे जाहिरात वाईट का? मुळीच नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची आपली दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातदारांच्या आधारानेच तगली आहे. फक्त जाहिरात कुठे संपते आणि मजकूर कुठे सुरू होतो, हे वाचकाला कळलं पाहिजे.

आता काय करतो

आमच्या घाटावरचे एक नाववाले भैया दर पावसाळ्यात नाव बांधून ठेवतात. गंगा चढली की प्रशासन नावा बंद करतं. इथली धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे, पण नावा त्याच्या बऱ्याच आधी थांबतात. ते महिने त्यांनी आधीच धरलेले असतात. हंगामात बाजूला टाकायचं आणि पुरात नावेची डागडुजी करायची. आम्हीही तसंच केलं.

दिवाळीच्या कमाईतून आधी वर्षभराचं डोमेन आणि होस्टिंगचे पैसे बाजूला काढतो. जाहिराती पुन्हा चारवर आणल्या. सर्चवर विसंबून न राहता व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढलं, म्हणजे वाचक थेट आमच्याकडे येतात. जे उत्तर कुणीही देऊ शकतं त्याऐवजी आम्हालाच ठाऊक असलेलं लिहितो. आजी-आजोबांना घेऊन काशीला येताय तर कोणत्या घाटाला पायऱ्या जास्त, वरण-भात कुठे मिळेल, असं. ते वाचून एका घरगुती मुक्कामाच्या मालकांनी, एका डबेवाल्या काकूंनी आणि एका रिक्षावाल्यांनी थेट जाहिरात दिली. प्रत्येकी महिना १,२०० रुपये. वर ठळक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं असतं. आणि लेखाखाली ऐच्छिक मदतीसाठी यूपीआयचा कोड.

भागतं का? तिघींचं पूर्ण नाही. मी संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, एक मैत्रीण भाषांतरं करते. पण साइट स्वतःचा खर्च भागवून थोडं हाती ठेवते आणि मथळा लिहिताना हात थरथरत नाही.

गेल्या महिन्यात कोडवर १०१ रुपये आले. सोबत दोन ओळींचा निरोप होता. 'साखर १४०. आता चातुर्मासावर लिही, आणि मथळा नीट दे. आत्या.'

लिहायला घेतलाय. तुमच्याकडे चातुर्मासात काय पाळतात, नक्की कळवा. भेटूया पुढच्या वेळी!