बरकाचा पोरगा आणि सौरभ नेत्रावळकर



मस्कतकरांना बरका माहीत असते ते बैलांच्या टकरींमुळे आणि समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांमुळे. पण सुट्टीच्या सकाळी तिथल्या मोकळ्या जागांवर आपली पोरे चेंडू टाकत असतात, आणि त्यांचे आईबाप एकच प्रश्न विचारतात: "चांगला टाकतो हो, पण पुढे काय?"

उत्तरासाठी सौरभ नेत्रावळकरची वाटचाल पाहण्याजोगी आहे. बेसबॉलमध्ये गावोगावी संघ बदलत हात झिजवणारे पिचर असतात, तसा हा आपला फिरता गोलंदाज. २०१०च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, ९ बळी घेतले. त्या संघातले के. एल. राहुल, जयदेव उनाडकट पुढे भारताकडून खेळले. सौरभला मात्र २०१३ साली मुंबईकडून रणजीचा एकच सामना मिळाला. मुंबईत डावखुऱ्या वेगवान गोलंदाजांची रांग काय कमी असते! २०१५ मध्ये तो कॉर्नेलला शिकायला गेला आणि मग ओरॅकलमध्ये इंजिनिअर झाला. चेंडू मात्र त्याने सोडला नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये तो इथेच आला होता, आयसीसीच्या तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेसाठी अमेरिकेचा कर्णधार म्हणून. ओमान पहिला, अमेरिका दुसरी, दोघेही वर चढले. त्या वेळी आपल्यापैकी किती जण अल अमेरातला सामना पाहायला गेले होते? असो.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ६ जून २०२४ला डॅलसमध्ये सुपर ओव्हर टाकून त्याने पाकिस्तानला हरवले. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला विराट पहिल्याच चेंडूवर आणि पाठोपाठ रोहित, दोघेही त्याचेच बळी. त्याच सामन्यात त्याने आपल्या जुन्या मुंबईकर दोस्ताचा, सूर्यकुमारचा झेल सोडला, आणि सामनाही तिथेच निसटला.

त्याच विश्वचषकात ओमानही सुपर ओव्हर खेळला, नामिबियाविरुद्ध, आणि हरला. ती टाकणारा बिलाल खान पेशावरचा. पुढच्याच महिन्यात त्याने ४९व्या एकदिवसीय सामन्यात शंभरावा बळी घेतला. वेगवान गोलंदाजांत इतक्या लवकर कोणीच तिथवर पोचले नव्हते. आपल्या वर्तमानपत्रांत त्याला किती जागा मिळाली, ते विचारू नका.

खेळण्याचा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. तीन वर्षे सलग रहिवास असला की परदेशी पासपोर्टवरही त्या देशाकडून खेळता येते. ओमानचा संघ बराचसा त्यावरच उभा आहे. फरक पडतो तो खेळ थांबल्यावर. सौरभच्या हातात पदवी होती, अशी नोकरी होती की विश्वचषकासाठी रजा काढून परत कामावर जाता यावे. इथे राहण्याचा हक्कच कामाच्या व्हिसाला बांधलेला. २०२४च्या विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कम मिळाली नाही, अशी तक्रार ओमानच्या काही खेळाडूंनी पुढे जाहीरपणे केली. संघातली जागा गेली आणि त्यांतल्या काहींना देशही सोडावा लागला.

म्हणून बरकाच्या पोराला खेळू द्या, अगदी अल अमेरातपर्यंत पोचू द्या. फक्त बारावीच्या वर्षी प्रॅक्टिस बंद करायला लावण्याची आपली जी रीत आहे, तिच्याऐवजी दोन्ही कसे चालेल याचे वेळापत्रक बापाने स्वतः बसून आखावे. ट्युशनला सोडणारी गाडी मैदानावरही जाते.