भाजीचा तास

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, की एखाद्या जिल्हा परिषद शाळेतल्या हात धुण्याच्या नळापाशी दोन मिनिटे उभे राहून पाहावे. ताटल्या विसळल्या जात असतात, पाण्याने एकमेकांना भिजवण्याचा कार्यक्रम चालू असतो, आणि पाणी वाहून जाते तिथे गाजराचे तुकडे, दुधीच्या फोडी, फ्लॉवरचे तुरे गोळा झालेले दिसतात. खिचडीचे शीत मात्र फारसे दिसत नाही. पोरांनी खिचडी चाटूनपुसून खाल्लेली असते; भाजी तेवढी वेचून काढलेली असते. सगळ्याच शाळांत असे घडते असे नव्हे. पण ज्यांनी शाळा जवळून पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य नवे वाटणार नाही.

शहरातल्या शाळेत चित्र वेगळे दिसते, पण गोष्ट तीच. वर्षाच्या सुरुवातीलाच डब्याचे वेळापत्रक घरी येते. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी फळ, असे आठवडाभराचे नियोजन असते. आई पहाटे उठून भेंडी चिरते, परतते, डब्यात भरते. संध्याकाळी डबा उघडला, की पोळी गेलेली आणि भेंडी जशीच्या तशी. विचारले तर उत्तर तयार असते, ‘खायला वेळच मिळाला नाही.’

मग शाळा उपक्रम हाती घेते. ‘पालेभाज्या खा, निरोगी राहा’ अशा पाट्या घेऊन प्रभातफेरी निघते. भिंतीवर तक्ता लागतो. वेशभूषा स्पर्धेत एक चिमुरडा वांगे होऊन येतो, जांभळ्या झग्यावर हिरवी टोपी घालून वांग्याचे गुण घडाघडा म्हणतो आणि टाळ्या मिळवतो. घरी तो वांग्याला शिवत नाही. पहिल्या क्रमांकाचे बक्षीस म्हणून त्याला चॉकलेटचा पुडा मिळतो. यात कोणाचा हेतू वाईट नाही. चूक एवढीच, की भाजी हा सांगण्याचा विषय आहे असे आपण धरून चाललो आहोत. वास्तविक तो चाखण्याचा विषय आहे.

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज किमान ३५० ग्रॅम आणि दहा वर्षांपुढच्या प्रत्येकाला ४०० ग्रॅम भाज्या-फळे मिळाली पाहिजेत. या हिशेबात बटाटा धरलेला नाही. म्हणजे वडापावातली आणि सँडविचमधली ‘भाजी’ बाद. मग आपल्या घरातल्या किती मुलांचा हिशेब पुरा होतो, ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे. दुसरीकडे, २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ६७ जणांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक, आणि भाजी हा त्यावरचा एकमेव उपाय नव्हे. परंतु डाळी, धान्ये आणि पालेभाज्या यांतले लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, आणि ते लिंबात, आवळ्यात, पेरूत भरपूर असते. पेरूत तर संत्र्याच्या कितीतरी पट. वरणावर लिंबू पिळणाऱ्या आजीला हे रसायनशास्त्र माहीत नव्हते. सवय मात्र होती. खरा प्रश्न या सवयीचा आहे.

आपल्याकडे ही सवय लावण्याची सर्वांत मोठी सोय आयती उभी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने शाळेतल्या आहाराची राष्ट्रीय योजना सुरू केली. सुरुवातीला पुष्कळ राज्यांत मुलांना महिन्याकाठी तीन किलो धान्य घरी दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला, की धान्य नको, शिजवलेले गरम अन्न द्या. २०२१ मध्ये या योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले. आपल्या गावी तिला अजूनही ‘शाळेतली खिचडी’च म्हणतात. निकष असे आहेत: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला भाजी ७५ ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे एक लहानसा टोमॅटो. आणि फळ? या निकषांच्या यादीत फळाचा रकानाच नाही.

आता पैशांचे पाहू. धान्य सरकार वेगळे देते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी प्राथमिकच्या मुलामागे रोजचा ठरलेला खर्च ऑक्टोबर २०२२ पासून पाच रुपये पंचेचाळीस पैसे होता. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, टोमॅटो किलोला शंभरीपार गेला. त्या भावाने पन्नास ग्रॅम टोमॅटोचेच पाच रुपये झाले. उरलेल्या पंचेचाळीस पैशांत डाळ, तेल आणि गॅस बसवायचा! साहजिकच महागाईत कात्री प्रथम लागते ती भाजीला. डाळ कमी झाली तर खिचडी पांढरी दिसते, तेल कमी झाले तर ती बुडाला लागते. भाजी कमी झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मुले तर उलट खूश होतात. १ मे २०२५ पासून हा खर्च सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे करण्यात आला. वाढ झाली हे चांगलेच; पण बाजार वर्षभर थांबत नाही आणि दरपत्रक थांबते, ही अडचण कायम राहते.

फळाचीही एक छोटी कहाणी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे किंवा स्थानिक फळ देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला आणि शाळांनी लोकसहभागातून सोय पाहावी असे सुचवण्यात आले. अंड्यावरून वाद झाले, लेख आले. केळ्याची आठवण कोणी काढली नाही. वर्षभरात जेमतेम लागू लागलेली सवय अशी तुटते, तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.

हे आपल्यापुरतेच खरे आहे असे नाही. इंग्लंडमध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेत रोज एक फळ किंवा कच्ची भाजी फुकट देण्याची योजना आहे. तिची पाहणी झाली तेव्हा असे दिसले, की योजनेत असेपर्यंत मुलांचे फळ खाणे वाढले. पण वरच्या वर्गात गेल्यावर योजना सुटली आणि खाणे पुन्हा मूळपदावर आले. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये शाळांमधल्या अशा २७ कार्यक्रमांचा एकत्रित हिशेब मांडला. पाश्चात्त्य मापाप्रमाणे भाजी-फळाचा एक वाटा ८० ग्रॅमचा. या कार्यक्रमांमुळे मुलांचे फळ सरासरी पाव वाट्याने, म्हणजे वीसेक ग्रॅमने वाढले. भाजी किती वाढली? सहा ग्रॅमच्या आसपास. भेंडीच्या दोन-चार चकत्या!

या आकड्यांनी निराश व्हायचे कारण नाही. त्यांतून शिकायचे आहे. फळ गोड असते, त्याची वकिली करावी लागत नाही. भाजीची गोष्ट निराळी. मेथी कडू, कारले त्याहून कडू, भेंडी बुळबुळीत, मुळ्याला वास. लहान मूल अनोळखी चवीला घाबरते, हा त्याचा हट्ट नसून स्वभाव आहे. लीअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या आवडीनिवडींचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या संशोधनाचे सार असे, की नवा पदार्थ मुलाने थोडाथोडा, जबरदस्तीशिवाय, आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा चाखला, की तो हळूहळू त्याला आपला वाटू लागतो. आपण घरात काय करतो? दोनदा करून पाहतो, आणि ‘आमच्या बंटीला दोडका नाही चालत’ असे पाहुण्यांना सांगून मोकळे होतो. बंटीही ते ऐकतो आणि त्या दिवसापासून दोडका न खाणे हे त्याच्या ओळखीचा भाग होऊन बसते.

शाळेची ताकद नेमकी इथे आहे. घरात दोडक्यासमोर बंटी एकटा असतो. शाळेत चाळीस जणांची पंगत असते. शेजारच्याने खाल्ले की आपणही खाऊन पाहतो, आणि बाईंनी त्याच पंगतीत बसून तीच भाजी खाल्ली, तर प्रश्नच मिटला. जपानमधल्या प्राथमिक शाळांत मुले आळीपाळीने डोक्याला रुमाल बांधून वाढपी होतात, शिक्षक वर्गातच त्यांच्याबरोबर जेवतात, आणि ते जेवण शिक्षणाचाच भाग मानले जाते. २००५ मध्ये त्यांनी आहारशिक्षणाचा कायदाच केला. आपल्याकडे मात्र आहार ही शिक्षकाच्या डोक्यावरची हिशेबाची कटकट होऊन बसली आहे. किती ताटे, किती तांदूळ, किती शिल्लक, याची नोंद रोज होते. मुलाने भाजी चाखली की नाही, याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही.

दुसरी वाट परसबागेची. शाळेत पोषणबाग करण्याविषयी केंद्राने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महाराष्ट्रात अनेक शाळांनी परसबागा फुलवल्याही आहेत. हात धुतलेले पाणी वाफ्यात सोडायचे, कुंपणाला शेवगा लावायचा, मांडवावर दोडका-दुधी चढवायचा, वाफ्यात मेथी-पालक टाकायचा. अशा बागेतून चाळीस मुलांची रोजची भाजी निघत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या मुलाने मेथी पेरली, तिला पाणी घातले, उगवली की नाही म्हणून रोज सकाळी जाऊन पाहिले, ते मूल ताटातली मेथी सहसा बाजूला काढत नाही. बागेचे खरे पीक हे आहे.

इथे एक इशारा दिला पाहिजे. शाळेने मुलाला शिकवायचे आणि मुलाने घर सुधारायचे, ही कल्पना ऐकायला गोड वाटते. पण ज्या घरात संध्याकाळी हाती आलेल्या मजुरीतून तेल-मीठ घ्यायचे असते, तिथे ‘रोज पाच रंगांच्या भाज्या खा’ असा संदेश घेऊन येणारे मूल आईला केवळ अपराधी वाटायला लावते. आणि सुखवस्तू घरातही उपदेशाचा सगळा भार आईवरच येतो. डबा परत आला तर ती दोषी, डब्यात बिस्किटे दिली तरी ती दोषी. वडील मात्र ताटातले कारले निवांतपणे बाजूला सारतात, आणि समोर बसलेला मुलगा ते पाहत असतो. मुलाचा पहिला धडा त्या ताटात होतो, तक्त्यावर नव्हे.

तसे पाहिले तर घराघराला भाज्या खायला लावण्याच्या योजना आपल्याकडे फार जुन्या आहेत. भोगीला गाजर, वांगी, पावटा, ओला हरभरा घालून तिळाची भाजी होते आणि बाजरीच्या भाकरीबरोबर सारे घर ती खाते. ऋषिपंचमीला तर एकाच पातेल्यात दहा-पंधरा प्रकार एकत्र येतात. पहिल्या पावसानंतर कोकणात टाकळा, भारंगी, शेवळे निघतात. या दिवसांत कोणी ‘मला आवडत नाही’ म्हणत नसे, कारण सगळे तेच खात. शाळांनी हे दिवस पंगतीत आणले, तर त्यासाठी नवा तक्ता छापावा लागणार नाही.

मग मागणी काय करायची? आहाराच्या निकषांत फळाला स्वतःचा रकाना द्यावा आणि ते चार महिने देऊन बंद करू नये. भाजीचा खर्च बाजारभावाप्रमाणे वर्षातून एकदा तरी आपोआप बदलावा. जिच्या हाताच्या चवीवर सारे अवलंबून आहे, त्या स्वयंपाकीण मावशींच्या मानधनासाठी केंद्राने २००९ मध्ये महिना एक हजार रुपये धरले; राज्ये त्यात आपली भर घालतात, पण त्या कष्टांना ते पुरेसे म्हणता येणार नाही. त्यांना चांगला मोबदला मिळावा, आणि मोठ्या फोडींऐवजी भाजी किसून, वाटून, खमंग करून कशी वाढावी हे दाखवून द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतातच. त्यांनी महिन्यातून एक दिवस पंगतीत बसून तेच ताट जेवावे. आणि वेशभूषा स्पर्धेतल्या त्या छोट्या वांग्याला बक्षीस म्हणून चॉकलेटऐवजी एक पेरू द्यावा.

आज रविवार. थोड्या वेळाने पिशवी घेऊन आपण मंडईत जाऊ. मुलाला बरोबर न्यावे. एक भाजी त्याने निवडावी, त्यानेच पिशवीत टाकावी, घरी आल्यावर शेंगा सोलायला किंवा मेथी निवडायला त्याला बसवावे. जेवताना ती भाजी आधी वडिलांनी वाढून घ्यावी, आणि मुलाने एकच घास घेतला तरी काही बोलू नये. पुढच्या रविवारी पुन्हा तीच भाजी आणावी.