अंड्याची पारख

मेक्सिकोतील सोचिमिल्कोच्या कालव्यांत ॲक्सोलॉटल हा उभयचर प्राणी आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. प्रयोगशाळांतून मात्र, १८६४ साली तो पॅरिसला आणला गेला तेव्हापासून, त्याची जोपासना चालू आहे. या जोपासनेत अंडे जिवंत की मृत हा निर्णय पुष्कळदा केवळ रंगावरून दिला जातो. आमच्या मते ही पारख अपुरी आहे.

निरोगी अंडे सुमारे २ मिलिमीटर व्यासाचे, वर काळसर व खाली फिकट असते, हे खरे. परंतु वर्णहीन मादीची अंडी मुळातच पांढरी असतात. उलटपक्षी, अफलित अंडेही काही काळ गोल व सुबक दिसते. म्हणून वाढीचा क्रम पाहावयास हवा. फलित अंड्याचे दोन, चार, आठ असे व्यवस्थित विभाग पडतात. पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यास साधारण तिसऱ्या दिवशी गर्भाच्या पाठीवर दोन वळ्या उठतात. त्यांतूनच पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात. नंतर गर्भ लांबट होऊन त्यास शेपटी फुटते. थंड पाण्यात हा क्रम मंदावतो; तेव्हा विलंब म्हणजे मृत्यू नव्हे.

अंडे गढूळ होऊन फुटू लागले, किंवा त्यावर बुरशीचे तंतू दिसले, तर ते तत्काळ काढावे. अन्यथा शेजारची अंडीही धोक्यात येतात. नुसता संशय असेल तर मात्र ते वेगळ्या भांड्यात ठेवून आणखी एक-दोन दिवस पाहावे. त्यात हानी काहीच नाही. टाकून दिलेले जिवंत अंडे मात्र परत मिळत नाही.