शेजारची आजी गेली, तर त्या लेकराकडंही जा
जालना जिल्ह्यातले पालक, शेजारी, शिक्षक, ग्रामपंचायती आणि मुकादम यांना तातडीचं आवाहन

मायबापहो,

दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते आणि मुकादमाचा निरोप आला की थांबता येत नाही. अंकुशनगर आणि तीर्थपुरी इथं आपल्या जिल्ह्यातच साखर कारखाने आहेत, तरी कितीतरी कुटुंबांचा हंगाम सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकातल्या फडात जातो. लेकराची शाळा बुडू नये म्हणून अनेक आईबाप त्याला गावातच ठेवून जातात. आजी-आजोबा धडधाकट असले तर त्यांच्याकडं आणि ते नसले किंवा थकलेले असले तर शेजाऱ्यांकडं. पाडव्याच्या सुमाराला आईबाप परत येईपर्यंत त्या शेजारच्या आजीचं, काकूचं, तात्याचं घर हेच त्या लेकराचं घर असतं. वेणी तीच घालते, ताप आला तर रात्रभर उशाशी तीच बसते, फोनवर आईशी बोलणंही तीच करून देते.

अशा शेजाऱ्याचा मृत्यू झाला तर त्या लेकराचं काय होतं, याचा विचार गावानं आत्ता, टोळ्या निघण्याआधी करावा, यासाठी हे आवाहन आहे.

मयत झालं की सगळं गाव त्या घरी जमतं. मुलगा, सून, लेकी, जावई यांना लोक धीर देतात. मातीला कोण आलं, कोण नाही, याची नोंद राहते. पण ज्याला ती माउली रोज घास भरवत होती, ते शेजारचं लेकरू त्या गर्दीत कुठंतरी भिंतीला टेकून उभं असतं. त्याला सुतक नाही आणि नात्यांच्या यादीत त्याचं नावही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत पाठवतात. घरी रडायला आईची मांडी नाही, कारण आई शेकडो किलोमीटरवर फडात मोळ्या बांधते आहे. एवढं मोठं दुःख एवढंसं लेकरू एकटं उचलतं आणि ते उचलतंय हे कोणाला दिसत नाही.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाचा सविस्तर अभ्यास मांडला. समाज ज्याला शोक करण्याचा हक्कच देत नाही, त्याचं दुःख जास्त अवघड होतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या वाट्याला सांत्वन येत नाही आणि निरोपाचा विधीही येत नाही. आपल्याकडं शेजाऱ्याचं लेकरू नेमकं याच जागी उभं असतं.

आपल्या जिल्ह्यानं असे प्रसंग पाहिले आहेत. १८ जुलै २०२४ रोजी, आषाढी एकादशीच्या दुसऱ्याच दिवशी, पंढरपूरहून परतणाऱ्या भाविकांची काळी-पिवळी जीप जालना-राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ विहिरीत कोसळली आणि सात जणांचा जीव गेला. अशा अपघातानंतर मदत जाहीर होते ती वारसांना आणि ते योग्यच आहे. पण गेलेल्या प्रत्येक माणसाच्या आजूबाजूला शेजारची लेकरं असतात. कोणी त्यांना शाळेत सोडत असतं, कोणी गोष्टी सांगत असतं. कोविडच्या काळातही आईबाप गमावलेल्या मुलांच्या याद्या झाल्या आणि दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवण्याचा निर्णय राज्यानं घेतला. सांभाळणारा शेजारी गमावलेल्या लेकरासाठी कोणतीही यादी नाही. सरकारी यादीत ते बसणारही नाही, म्हणून ते गावाच्या नजरेत बसलं पाहिजे.

सगळ्यांत आधी एक विनंती. लेकराला खोटं सांगू नका.

“आजी गावाला गेली”, “देवाघरी गेली, येईल परत”, “झोपली आहे” असं आपण मायेपोटी बोलतो. पण ज्या लेकराचे आईबाप दरवर्षी जातात आणि चैत्रात परत येतात, त्याच्या मनात जाण्याचा अर्थ परत येणं असाच पक्का झालेला असतो. ते आजीचीही वाट बघत बसतं. पाडवा येतो, आईबाप येतात, आजी येत नाही. मग ज्यांनी सांगितलं त्या माणसांवरचा त्याचा विश्वास उडतो. “झोपली” म्हटलं तर काही लेकरं स्वतः झोपायला घाबरतात. म्हणून जवळ बसवून, हात धरून, साध्या शब्दांत सांगा: “आजी वारली. तिचं शरीर चालायचं थांबलं. ती आता परत येणार नाही. तुला खूप आठवण येईल. रडू आलं तर रड, मी इथंच आहे.” आपल्या श्रद्धेनुसार पुढं काय सांगायचं ते सांगा, पण ती परत येणार नाही हे त्यात असूच द्या.

आणखी एक गोष्ट न चुकता सांगा: “यात तुझी काही चूक नाही.” लहान लेकरं स्वतःला दोष देतात. “मी तिचं ऐकलं नाही म्हणून ती गेली”, “मी रागानं बोललो म्हणून असं झालं”, असं त्यांच्या मनात घर करून बसतं. ती ते बोलून दाखवत नाहीत. विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मरण कायमचं असतं हे कळत नाही. ते आज रडेल, उद्या पुन्हा “आजी कधी येणार?” असं विचारेल. दहा वेळा विचारलं तरी दहाही वेळा तेच खरं उत्तर शांतपणे द्या. सात-आठ वर्षांच्या पुढं हळूहळू उमज येते आणि तिच्यासोबत भीतीही येते: आता आईला काही झालं तर? बाबा ट्रॅक्टरवरून पडले तर? मुलं मोठ्या माणसांसारखा सलग शोक करत नाहीत. घटकाभर रडतात, घटकाभर विटीदांडू खेळतात. खेळतंय म्हणजे विसरलं, असं समजू नका. पोट दुखणं, अंथरूण ओलं होणं, जेवण तुटणं, चिडचिड, शाळेत गप्प बसणं, रात्री दचकून उठणं, ही त्या दुःखाचीच भाषा आहे. यासाठी मारू नका, रागावू नका आणि नजर काढून गप्पही बसू नका.

आता प्रत्येकानं करायचं काम सांगतो.

ऊसतोडीला निघणाऱ्या आईबापांनो, लेकरू ज्यांच्याकडं ठेवता, त्यांच्याखेरीज आणखी एक माणूस ठरवून जा. पहिल्या माणसाला काही झालं तर लेकराला त्याच दिवशी जवळ घेणारा तो दुसरा माणूस. त्याचं नाव लेकराला माहीत हवं. वर्गशिक्षकांकडं आणि अंगणवाडी ताईंकडं तुमचा आणि तुमच्या मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेवा.

मुकादमांनो आणि टोळीतल्या सोबत्यांनो, गावाकडून अशी बातमी आली तर ती त्या आईपासून लपवू नका. काम खोळंबेल म्हणून फोन दाबून ठेवू नका. लेकराशी रोज बोलायला तिला वेळ द्या आणि एका पालकाला दोन दिवस गावी जाऊन येता येईल अशी सोय करा. एक कोयता दोन दिवस कमी चालला तर टोळीनं तो सांभाळून घ्यावा.

मयताच्या घरच्यांनो, तुमच्या दुःखात हे मागणं जड वाटेल, तरी मागतो. त्या लेकराला दारातून परत पाठवू नका. त्याची इच्छा असेल तर अंत्यदर्शन घेऊ द्या. पुढं काय दिसेल ते आधी सांगा आणि मोठं माणूस सोबत द्या. यायचं नसेल तर जबरदस्ती करू नका. दहावा असो, चाळीसावा असो की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, त्याला एक फूल ठेवू द्या, पाण्याचा तांब्या देऊ द्या. आणि गेलेल्या माणसाची एखादी वस्तू, आजीची वाटी, तात्यांचा रुमाल, त्याच्या हाती द्या. त्याचाही ती ठेवण्याचा हक्क आहे.

शिक्षकांनो, गावात मयत झालं की वर्गातलं कोणतं मूल त्या घरात वाढत होतं हे तुम्हालाच आधी कळतं. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन त्या माणसाचं नाव घ्या. पंधरा दिवस अभ्यासाची सक्ती सैल करा. चित्र काढू द्या, पत्र लिहू द्या, आठवणी सांगू द्या. ज्या गावात हंगामी वसतिगृह चालतं, तिथं अशा लेकराला त्याच दिवशी सामावून घ्या. आईबापांनी त्याला फडावर न्यायचं ठरवलंच, तर तिथल्या शाळेत त्याचं शिक्षण सुरू राहावं म्हणून शिक्षण हमी कार्ड हातात दिल्याशिवाय जाऊ देऊ नका.

सरपंचांनो, पोलीस पाटलांनो, अंगणवाडी ताईंनो, आशाताईंनो, ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर राहू देऊ नका. टोळ्या निघण्याआधी एक बैठक घ्या. गावात कोणतं मूल कोणाकडं राहणार आहे, त्याची वही करा. मृत्यूची नोंद करताना ती वही उघडून बघा.

शेजाऱ्यांनो, तेरा दिवस झाले की येणं-जाणं थांबतं आणि खरं एकटेपण तेव्हाच सुरू होतं. सणाला, पहिल्या पावसाला, आईबाप परत निघतील त्या दिवशी ते लेकरू पुन्हा कोसळू शकतं. महिनाभर, दोन महिने, वर्षभर त्याला बोलवत राहा आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलत राहा.

काही वेळा घरची माया पुरत नाही. लेकरू आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, शाळा सोडून दिली असेल, बोलायचंच बंद झालं असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. “मला पण तिच्याकडं जायचंय” असं ते म्हणालं, तर ते लहान तोंडी मोठा घास म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच क्षणी मदत मागा. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो २४ तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. सांभाळायला कोणीच उरलं नसेल, लेकराची आबाळ किंवा छळ होत असेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या, अंगणवाडीच्या, ग्रामपंचायतीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

आपल्या जिल्ह्यात शेजारधर्म अजून जिवंत आहे. म्हणूनच आईबाप परक्या घरी लेकरू ठेवून निर्धास्तपणे कोयता उचलतात. ज्या शेजाऱ्यानं हा विश्वास आयुष्यभर सांभाळला, त्याच्यामागं तो सांभाळणं गावाचं काम आहे. त्यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, मुलांची वही याच आठवड्यात सुरू करा आणि हे आवाहन आपल्या गावच्या शाळेत व मंदिर-मशीद-विहारात वाचून दाखवा. आणि तुमच्या गल्लीत नुकतंच कोणी गेलं असेल, तर आज संध्याकाळी त्या घरी जाताना शेजारच्या घरातल्या लेकरालाही भेटून या.